जैविक मार्गाने

माझ्या दिराच्या मते माझे डोळे बिघडले ते मी रडत नाही म्हणून. न रडलेले अश्रू आत साचतात, तिथेच आंबतात आणि मग डोळा लाल होतो. हा शोध त्यांनी आमच्याच सोफ्यावर बसून, आमचाच चहा पीत लावला. मी काळा चष्मा लावून समोर बसले होते. पडदे ओढलेले होते, तरी फटीतून येणारी उजेडाची बारीक रेघ सुई टोचल्यासारखी डोळ्यात घुसत होती.

"वहिनी, एकदा मोकळेपणाने रडून घ्या," ते म्हणाले. "शरीर स्वतःच स्वतःला बरं करत असतं."

"माझं शरीरच माझ्या डोळ्यावर उठलंय, असं डॉक्टर म्हणतात."

"तेच तर. का उठलंय? विचारलंत कधी त्याला?"

सासूबाईंनी मान डोलावली. धाकटा मुलगा काहीही बोलला तरी त्यांची मान आपोआप डोलते. तो बाथरूमच्या टाइल्स विकायचा तेव्हा टाइल्सवरही डोलायची.

हो, भाऊजी आधी टाइल्स विकायचे. ते दुकान बसलं. मग ते कुठल्याशा शिबिराला गेले आणि परत आले ते दाढी वाढवून आणि आवाज खाली आणून. आता एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं केंद्र आहे. तिथे लोक त्यांना 'सर' म्हणतात, चटईवर बसून श्वास मोजतात, हिरवा रस पितात, आईवडिलांना क्षमा करतात आणि घरातली औषधं एका टोपलीत आणून टाकतात. टोपलीवर लिहिलंय 'रसायनमुक्ती'. पूर्वी ते गिऱ्हाइकाला सांगायचे की ही फिकट निळी टाइल तुमच्या मनाला शांत करेल. आता टाइल गेली, बाकीचं वाक्य तसंच राहिलं.

माझं काम दातांचं. मी दातांची डॉक्टर नाही. डॉक्टर तोंडाचा साचा घेऊन पाठवतात आणि आमच्या लॅबमध्ये आम्ही दात घडवतो. कवळ्या, टोप्या, सगळंच. माझ्याकडे मुख्यतः समोरचे दात, कारण ते सगळ्यांना दिसतात आणि त्यात चूक लपत नाही. पोर्सिलेनची पूड ओली करून ब्रशने थरावर थर चढवायचा, भट्टीत भाजायचा, पुन्हा चढवायचा. खरा दात पांढरा नसतो. हिरडीशी तो पिवळट असतो, टोकाला किंचित निळसर आणि आरपार, मध्येच एखादी धुरकट रेघ. हे सगळं जुळवलं तर माणूस हसतो तेव्हा कुणाला काही कळत नाही. भाऊजींचे वरचे पुढचे दोन दात मीच केलेत. सभागृहभर ज्या निर्मळ हास्याची तारीफ होते, ते माझ्या भट्टीतून निघालंय आणि त्यात रसायनांशिवाय काहीही नाही.

दुखणं सुरू झालं ते अगदी फुटकळ. डावा डोळा लाल झाला. लॅबमध्ये प्लास्टरची धूळ उडतेच, तेव्हा मी पाणी मारलं आणि कामाला लागले. मग औषधांच्या दुकानातून थेंब आणले. मग उजेड सोसेना. मग एका सकाळी मी एका बाईंचा दात शेजारच्या दाताशी जुळवत होते आणि मला दोन्हींवर धुकं दिसायला लागलं. मी चष्मा पुसला, दिवा पुसला, दातही पुसला. धुकं माझ्याच डोळ्यात होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. हनुवटी यंत्रावर टेकवायला लावली, उजेडाची चीर डोळ्यावरून फिरवली आणि म्हणाल्या, "आत सूज आहे. बाहेरचं काही नाही, धूळबिळ नाही. तुमच्या शरीरात जंतूंशी लढणारी जी यंत्रणा आहे ती चुकून डोळ्यावर तुटून पडली आहे. उन्हाच्या कवडशात धूळ तरंगते ना, तशा पेशी तरंगताना दिसतात मला."

"कशामुळे?"

"बहुतेकदा सापडत नाही. शोधू. पण आधी विझवू."

एवढं सरळ उत्तर मला त्या अख्ख्या वर्षात दुसऱ्या कुणी दिलं नाही. बाकी सगळ्यांना कारण माहीत होतं. शेजारीण म्हणाली मोबाइल. लॅबचे मालक म्हणाले जागरण. मी जागरण करते ते त्यांच्याच घाईच्या ऑर्डरींसाठी, हे त्यांना जोडून बघता आलं नाही. माझी मावशी म्हणाली, तुझ्या आजीचेही डोळे असेच होते. आजीला जन्मभर चष्मासुद्धा नव्हता.

स्टिरॉइडचे थेंब सुरू झाले आणि आठवड्यात डोळा निवळला. थेंब कमी करत आणले की पुन्हा पेटायचा. मग उजवा पेटला. मग डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत सूज गेली आणि सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या, तेव्हा गोळ्या आल्या. गोळ्यांनी डोळे शांत झाले आणि चेहरा फुगून ताट झाला. भूक अशी की मी उभ्याउभ्या पाव खायची. झोप नाही. रक्तातली साखर चढली. नवऱ्यावर ओरडायची आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून बसायची. त्यानंतर शरीराची ती बेभान यंत्रणा दाबणारी दुसरी गोळी, आठवड्यातून एकदा घ्यायची. ती घेतली की दुसरा पूर्ण दिवस मळमळ. पुढे यकृताच्या तपासण्या बिघडल्या आणि ती बंद करावी लागली. एव्हाना स्टिरॉइडने मोतीबिंदूची सुरुवात करून ठेवली होती.

लॅबमध्ये मालकांनी समोरचे दात माझ्याकडून काढून घेतले. मला प्लास्टर ओतायला बसवलं. ते काम नवीन लागलेली मुलं करतात. "तुम्हालाच आराम," असं म्हणाले. माणसाला कामावरून खाली उतरवताना जेवढा गोड आवाज लागतो तेवढाच त्यांनी काढला.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. बोलण्यात तो मागे, भांडणात त्याहून मागे. दोन माणसं तावातावाने बोलायला लागली की त्याला स्वयंपाकघरातला नळ गळतोय का ते बघावंसं वाटतं. भाऊजी आले की आमच्या नळाची तपासणी ठरलेली.

मग एके दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता इंजेक्शन. दर पंधरवड्याला एक, मांडीत किंवा पोटावर. तुमचं तुम्हीच घ्यायचं. ही औषधं जिवंत पेशींमध्ये तयार करतात, म्हणून त्यांना जैविक औषधं म्हणतात. सूज पेटवणारा एक निरोप असतो शरीरात, हे औषध तो निरोप मध्येच पकडतं."

"बरी होईन?"

"बरं करत नाही. ताब्यात ठेवतं. बऱ्याच जणांचं ठेवतं, सगळ्यांचं नाही. आणि जंतुसंसर्ग व्हायची भीती वाढते. आधी क्षयाची तपासणी, काविळीची तपासणी, छातीचा एक्स-रे. ताप आला तर इंजेक्शन घ्यायचं नाही, मला फोन करायचा. मनाने बंद करायचं नाही, मनाने सुरू करायचं नाही."

मला ती बाई आवडायची. ती मला कुठलीच टाइल विकत नव्हती.

घरी ही बातमी कळताच भाऊजी धावत आले. त्यांना दारातूनच धाप लागली होती, पण आवाज खालीच होता.

"वहिनी, हे लोक तुमची प्रतिकारशक्ती मारणार. शरीराची ढाल काढून घेणार."

"ढाल माझ्याच डोक्यात हाणतेय, भाऊजी."

"तुम्ही विनोद करताय. आत भीती आहे म्हणून करताय." मग ते नवऱ्याकडे वळले. "दादा, तू काहीतरी बोल."

दादा नळाशी होता. "तिचे डोळे आहेत," तो तिथूनच म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषण झालं.

"आई, तू सांग."

सासूबाईंची मान डोलायला निघाली आणि मध्येच थांबली. त्या माझ्याबरोबरच राहतात. मी भिंतीला हात लावत न्हाणीघरात जाते हे त्यांनी रोज बघितलं होतं. "घेऊ दे की," त्या म्हणाल्या. "तुझा रसही प्यायलीच की ती महिनाभर. काही झालं का?"

भाऊजी म्हणाले, रसावर श्रद्धा हवी. मी म्हटलं, डॉक्टरांच्या इंजेक्शनला ती लागत नाही, हाच त्याचा फायदा.

रुग्णालयातल्या नर्सने मला शिकवलं. जाडसर पेनासारखं ते इंजेक्शन. फ्रिजमधून आधी काढून ठेवायचं, थंड टोचलं तर झोंबतं. मांडीची जागा दर वेळी बदलायची. टेकवायचं, दाबायचं, खट्ट आवाज येतो, मग हलवायचं नाही. पहिल्यांदा माझा हात इतका थरथरला की नर्स म्हणाली, "दात घडवता ना तुम्ही? मग हा हात कुणाचा आणलात?" मी हसले आणि हसताहसताच खट्ट झालं.

चमत्कार झाला नाही. पहिले काही आठवडे काहीच वाटलं नाही. मग एकदा डॉक्टरीणबाई यंत्राच्या पलीकडून म्हणाल्या, "कमी झाल्यात पेशी." पुढच्या खेपेला म्हणाल्या, "एकही नाही." गोळ्या हळूहळू उतरवल्या, चेहरा पुन्हा माझा झाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन सूज शांत असतानाच करायचं होतं, तेही पार पडलं. एकदा सर्दीचा ताप झाला तेव्हा एक इंजेक्शन पुढे ढकललं आणि मी भीतीने चार दिवस आरशासमोर पापणी ओढून बघत होते. तेही निभावलं. मालकांनी एका सकाळी एक साचा माझ्या टेबलावर ठेवला. समोरचा दात होता. नव्या माणसाने केलेला दात तीनदा परत आला होता हे त्यांनी सांगितलं नाही. मला ते आधीच कळलं होतं.

याच सुमारास भाऊजी पुन्हा आले. मी बिनचष्म्याची, पडदे उघडे, पुस्तक वाचत बसलेली. ते बघतच राहिले.

"दादा, काय केलंत तुम्ही?"

नवऱ्याला वाद नको होता. इंजेक्शन म्हटलं की भाऊ दोन तास उठणार नाही हे त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "ते जैविक औषध चालू आहे ना तिचं."

"जैविक," भाऊजी म्हणाले. तो शब्द त्यांनी तोंडात घोळवला, सावकाश. मला तेव्हा वाटलं की त्यांना अखेर मान्य करावं लागतंय. माणसाबद्दल चांगलं वाटून घ्यायची ही माझी शेवटची खेप.

तीन महिन्यांनी, पुढच्या तपासणीला मी रुग्णालयाच्या बाकावर बसले होते. शेजारी एक बाई बसली होती, माझ्याहून तरुण, बसचालकाचं निळं जॅकेट घातलेली. एक डोळा पट्टीखाली. दुसऱ्या डोळ्याने ती माझ्याकडे टक लावून बघत होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही त्या सरांच्या वहिनी ना?"

"कोणत्या सरांच्या?"

"केंद्रात तुमचं मोठं पोस्टर आहे. आधी काळ्या चष्म्यातला फोटो, मग बिनचष्म्याचा. वर लिहिलंय, जैविक मार्गाने दृष्टी परत."

आधीचा फोटो भाच्याच्या साखरपुड्यातला असणार आणि नंतरचा आमच्या सोफ्यावरचा. भाऊजी जाताना मोबाइल उगाच इकडेतिकडे करत होते, ते मला आठवलं.

"तुम्हाला काय झालंय?" मी विचारलं.

तिला तेच झालं होतं जे मला झालं होतं. थेंब चालू होते, गोळी चालू होती, डोळा बरा चालला होता. पण गोळीने चेहरा सुजला, डेपोत लोक चिडवायला लागले, आणि बहिणीने तिला केंद्रात नेलं. "सर म्हणाले, बघा, माझ्या वहिनींनी सगळी रसायनं सोडली, पूर्ण जैविक मार्ग धरला. मी म्हटलं, घरच्या बाईचा फोटो कोण खोटा लावेल? थेंब आणि गोळ्या टोपलीत टाकल्या. रस सुरू केला."

"मग?"

"मग डोळा इतका दुखायला लागला की मी ओकले. बस मधल्या थांब्यावर उभी केली आणि प्रवाशांना उतरवलं. इथे आले तर म्हणाले, आत बाहुली चिकटली, पाणी तुंबलं, दाब चढलाय. ऑपरेशन केलं. किती परत येईल सांगता येत नाही म्हणतात." तिने माझे डोळे निरखून बघितले. मग म्हणाली, "तुम्ही नक्की काय घेतलंत?"

मी पिशवीतलं औषधाचं रिकामं कागदी खोकं काढून तिला दाखवलं. तिने ते चांगल्या डोळ्याशी नेलं, वाचलं, उलटंपालटं केलं.

"हे तर इंजेक्शन आहे."

"हो."

"दुकानातलं."

"कारखान्यातलं. पंधरा दिवसांनी एक. याच डॉक्टरीणबाईंनी दिलेलं."

तिने खोकं परत दिलं. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती फक्त म्हणाली, "फोटो तुमचाच आहे ना पण."

त्या रविवारी भाऊजींना घरी बोलावलं. मी काही मऊ बोलायच्या मनःस्थितीत नव्हते. त्या बाईबद्दल सांगितलं, पोस्टर उद्याच्या उद्या उतरवा म्हटलं. त्यांनी डोळे मिटले, श्वास घेतला, सोडला. हा माणूस भांडणातही आपला वर्ग भरवतो.

"वहिनी, मी खोटं काय बोललो? औषध जैविक आहे की नाही? दादानेच सांगितलं."

"जैविक म्हणजे प्रयोगशाळेत पेशींमध्ये वाढवलेलं. तुम्ही लोकांना गवताचा रस पाजताय."

"रससुद्धा जिवंत पेशींतूनच येतो."

"भाऊजी, त्या बाईचा डोळा गेला."

"तिच्यात राग होता फार. मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं." मग त्यांनी सुस्कारा टाकला. "शब्द एकच आहे, त्याला मी काय करणार? आणि पोस्टरने कितीतरी लोकांना आशा मिळते. आशा काढून घ्यायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?"

सासूबाई म्हणाल्या, "अरे, पण इंजेक्शन फ्रिजात मीच ठेवते की. दुधाच्या वरच्या कप्प्यात. तू माझ्यासमोर हे बोलतोयस?"

"आई, तुला यातलं कळत नाही."

सासूबाईंची मान त्या दिवशी अजिबात डोलली नाही. त्यांनी कपबशा उचलल्या. त्याच्या कपात अजून अर्धा चहा होता, तोही उचलला.

पोस्टर उतरलं नाही. बसवाल्या बाईचा नंबर मी घेऊन ठेवला होता. तिला सांगितलं तशी ती म्हणाली, "मग आपणच जाऊ." नवरा दारात बूट घालताना दिसला. मला वाटलं कुठलीतरी लिफ्ट बंद पडली असेल, कारण त्याने कामाची पिशवी घेतली होती. तो म्हणाला, "मीही येतो."

केंद्र भरलेलं होतं. चटयांवर साठेक माणसं, पुढे भाऊजी पांढऱ्या कपड्यांत, आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर मी. माणसापेक्षा मोठी मी. एका बाजूला फुगलेल्या चेहऱ्याची, काळ्या चष्म्यातली, दुसऱ्या बाजूला पुस्तक हातात घेतलेली. मला स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती, आणि त्यात माझा काही दोष नव्हता म्हणून आणखीच आली.

मी तशीच पुढे गेले आणि बोलले. लांबण लावली नाही. म्हटलं, या फोटोतली बाई मी. मी रसाने बरी झालेले नाही. बरी झालेलेच नाही, डॉक्टरांच्या इंजेक्शनने दुखणं ताब्यात आहे, ते आजही चालू आहे. ज्यांनी डोळ्याचे थेंब किंवा गोळ्या बंद केल्या असतील त्यांनी आजच डॉक्टरांकडे जावं.

काही माना भिंतीवरच्या माझ्याकडे वळल्या, काही माझ्याकडे.

"नकारात्मक बोलू नका हो इथे," एक बाई म्हणाल्या. कुणीतरी म्हणालं, सरांच्या घरचंच माणूस, असं बोलावं? एका काकांनी हात वर केला आणि विचारलं, "पण इंजेक्शन जैविकच आहे ना?" मी हो म्हटलं. ते समाधानाने शेजाऱ्याकडे वळले, "बघा."

भाऊजींनी हात जोडले. "वहिनी आमच्या मनाने निर्मळ आहेत. पण राग आहे. आणि राग कुठे उतरतो हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं." चाळीसेक माणसांनी एका सुरात म्हटलं, "डोळ्यांत."

मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा ऐकलाय, पण इतका पाठ केलेला कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात बसवाली बाई पुढे आली. तिने पट्टी काढली. डोळा लाल होता, बाहुली वेडीवाकडी, गोल नव्हतीच. ती भाऊजींच्या इतकी जवळ गेली की ते अर्धं पाऊल मागे सरले.

"सर, मला ओळखलंत?"

"हो, हो. तुम्ही मध्येच सोडून गेलात."

"तुम्ही सांगितलंत तसं मी सगळं केलं. राग सोडला, आईला क्षमा केली, रस प्यायले. या डोळ्याने तुम्ही मला आत्ता पांढरा डाग दिसताय. माझा परवाना गेला. आता मी काय करू ते सांगा. तुम्ही सांगाल ते मी आधीही केलंय."

भाऊजींनी तोंड उघडलं. माझे दोन दात दिसले. पहिल्या ओळीत बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी गुडघ्यावर हात टेकून उठायला सुरुवात केली आणि ते सरळ टोपलीकडे गेले. वाकून आत चाचपडायला लागले. "माझी निळी डबी कुठे गेली?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. "निळ्या झाकणाची."

आणि भिंतीकडून घरघर ऐकू आली. नवरा खुर्चीवर उभा राहून पोस्टरचे स्क्रू काढत होता. त्याच्या हातात बॅटरीवरचा ड्रायव्हर होता, दोन स्क्रू त्याने ओठांत धरले होते. भाऊजी म्हणाले, "दादा, हे काय चाललंय?" नवऱ्याने तोंडातले स्क्रू खिशात टाकले. "भिंतीला भोकं पडलीत," तो म्हणाला, "नंतर बुजवून देतो." आणि खालच्या कोपऱ्याकडे वळला. त्याने कुणाशी वाद घातला नाही. त्याला थांबवावं असं कुणाला सुचलंही नाही, कारण कामाच्या कपड्यात काम करणाऱ्या माणसाला लोक सहसा अडवत नाहीत. पोस्टर खाली आलं, ते त्याने गुंडाळायचा प्रयत्न केला, पाठीला जाड पुठ्ठा होता, जमेना, तेव्हा काखेत मारलं आणि आम्ही तिघं जिन्याने उतरलो.

पुढे काय झालं असं कुणी विचारलं की लोकांना ऐकायचं असतं की केंद्र बंद पडलं. पडलं नाही. काही माणसं गेली, टोपलीतून आपापल्या डब्या उचलून. दोघंतिघं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पोचली, एवढं त्यांनी मला सांगितलं. बाकीची चटईवर बसून आहेत. केंद्राच्या भिंतीवर माझ्या जागी आता गुडघे आलेत म्हणे, एका निवृत्त मास्तरांचे. भाऊजी मला जाहीरपणे क्षमा करून मोकळे झाले. ती क्षमा मी घेतली नाही, तिथेच पडून असेल. आमच्याकडे ते येत नाहीत. सासूबाई त्यांना भेटायला जातात, मुलगा आहे, जाणारच. येताना रसाची बाटली घेऊन येतात आणि बाल्कनीतल्या कुंड्यांत ओततात. कुंड्यांना काही फरक पडल्याचं दिसत नाही.

बसवाल्या बाईला दुसऱ्या महिन्यात जैविक इंजेक्शन सुरू झालं. दुसऱ्या डोळ्यातही सूज यायला लागली होती, ती थांबली. पहिल्यातलं गेलेलं परत आलं नाही. डेपोने तिला बस दिली नाही. नव्या चालकांना वर्गात शिकवायला घेतलंय. ती म्हणते, फळ्यावर बस काढायची आणि बाणाने दाखवायचं की वळण कसं घ्यायचं, याला काय काम म्हणायचं. तिने मला माफबिफ केलेलं नाही. तसं काही ती म्हणतही नाही, मीही विचारत नाही. पण पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी तिने मला बोलावलं.

तीच नर्स होती. तिने पेन हातात दिलं, कुठे टेकवायचं ते दाखवलं. बाईने मोठी बस वर्षानुवर्षं अरुंद गल्ल्यांतून काढलेली, तरी सुई बघितली की तिचे ओठ पांढरे पडले.

"दुखतं का?" तिने मला विचारलं.

"झोंबतं," मी म्हटलं. "थोडा वेळ."

"बरं झालं, खरं सांगितलंत," ती म्हणाली आणि पेन मांडीला टेकवलं. मग मान वर करून नर्सला म्हणाली, "हिला जरा खिडकीपासून बाजूला करा. माझ्या उजेडात उभी आहे."